जगदीशचंद्र बोस: आधी स्वतःच्या सेन्सरवर संशय घेणारा माणूस

माझं रोजचं काम म्हणजे छोट्या बोर्डांसाठी फर्मवेअर लिहिणं. त्यामुळे ज्युनिअर मुलं-मुली मला हमखास एकच प्रश्न विचारतात. वायरलेस सेन्सरचा पहिला प्रोजेक्ट करायचाय, तर कोणता बोर्ड घेऊ, कोणता सेन्सर घेऊ? बोर्डांची यादी कुठेही मिळते. मी त्यांना त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगतो. या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात वायरलेस ट्रान्समीटर, अँटेना, रिसीव्हर आणि सेन्सर हे सगळं स्वतः बनवलं, तेही बाजारात एकही तयार पार्ट मिळत नसताना. त्यांचं नाव सर जगदीशचंद्र बोस.

शाळेत आपण त्यांच्याबद्दल एकच वाक्य शिकलो: वनस्पतींना संवेदना असतात हे त्यांनी दाखवलं. त्या वाक्याच्या मागे एक जबरदस्त हार्डवेअर इंजिनिअर लपलेला आहे. आज आपण त्याच्याबद्दल बोलू. आणि शेवटी, तुमचा पहिला नोड सुरक्षितपणे कसा सुरू करायचा तेही बघू.

## बंगाली शाळा, कारखाना आणि केंब्रिज

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग इथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळात साहेबाच्या नोकरीतला माणूस मुलाला इंग्रजी शाळेत घालायचा. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे छोटा जगदीश वडिलांच्या चपराशाच्या आणि एका कोळ्याच्या मुलाशेजारी बसायचा. मासे, प्राणी, झाडं यांच्या गोष्टी त्याने या मित्रांकडून ऐकल्या. वडिलांनी गरजू मुलांसाठी हस्तकौशल्याची शाळाही काढली होती, तिथे वर्कशॉप होतं. हत्यारं हातात घ्यायची सवय तिथूनच लागली असणार, असं मला वाटतं.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांनी त्यांना फिजिक्सची गोडी लावली. १८८० मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले. पण भारतातूनच अंगात आलेला ताप जाईना, आणि शवविच्छेदनाच्या खोलीत तो जास्तच बळावायचा. शेवटी मेडिकल सोडून ते केंब्रिजला क्राइस्ट्स कॉलेजात गेले. तिथे लॉर्ड रॅले त्यांचे शिक्षक होते.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेव्हा भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. बोस हंगामी होते, म्हणून त्यांना त्याच्याही निम्माच पगार देऊ केला गेला. त्यांनी नोकरी सोडली नाही, मोर्चाही काढला नाही. शिकवत राहिले, फक्त पगार घेतला नाही. एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षं! याच काळात, १८८७ मध्ये, अबला यांच्याशी त्यांचं लग्न झालं. घरावर वडिलांचं कर्ज होतं. तरी नवरा-बायको दोघांनी हे ओढून नेलं. शेवटी कॉलेजने त्यांना कायम केलं आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने दिला. त्यातून कर्ज फिटलं.

## २४ चौरस फुटांची लॅब

३० नोव्हेंबर १८९४. बोस ३६ वर्षांचे झाले आणि त्यांनी ठरवलं, आता संशोधन करायचं. हाइनरिश हर्ट्झ यांनी काही वर्षांपूर्वी रेडिओ लहरी असतात हे दाखवलं होतं, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांचं निधन झालं होतं. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज हे त्यांचं काम पुढे नेत होते. बोस यांनी लॉज यांचं लेखन वाचलं आणि कामाला लागले.

लॅब म्हणजे बाथरूमला लागून असलेली जेमतेम २४ चौरस फुटांची जागा. मदतीला पत्र्याचं काम करणारा एक कारागीर, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बोस यांनी त्याला शिकवून तयार केलं.

आता खोलीच इतकी लहान, तर लहरीही लहान हव्यात. हर्ट्झ यांच्या प्रयोगातल्या लहरी ६६ सेंटिमीटरच्या आसपास होत्या. त्यांच्यासाठी आरसे आणि प्रिझम करायचे तर ते माणसाएवढे मोठे लागतात. बोस यांनी लांबी कमी करत करत ५ मिलिमीटरपर्यंत आणली. ५ मिलिमीटर म्हणजे ६० गिगाहर्ट्झ! आपलं नेहमीचं वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतं. म्हणजे बोस यांचं यंत्र त्याच्या कितीतरी वर होतं. आज ज्याला आपण मिलिमीटर वेव्ह म्हणतो, त्याच पट्ट्यात.

यातली एक गंमत सांगतो. २०१९ मध्ये गूगलच्या पिक्सेल ४ फोनमध्ये हाताच्या हालचाली ओळखणारा छोटा रडार होता. तो ६० गिगाहर्ट्झवर चालायचा. तो फोन भारतात विकायलाच आला नाही. त्या वेळी या फ्रीक्वेन्सीच्या अशा वापराला इथे परवानगी नव्हती, हे त्यामागचं कारण बातम्यांत सांगितलं गेलं. ज्या देशात ६० गिगाहर्ट्झचे पहिले प्रयोग झाले, त्याच देशात ही गोष्ट अडली.

## पेटीत बंद केलेली ठिणगी

बोस यांचा ट्रान्समीटर ठिणगीवर चालायचा. धातूच्या बारीक गोळ्यांमध्ये ठिणगी पडली की लहरी निघायच्या. अडचण अशी की ठिणगी काही शिस्तीने एकाच दिशेला जात नाही. लहरी सगळीकडे फुटतात, भिंतींवरून परत येतात, तारांमधून शिरतात. मग रिसीव्हर हलला, तर तो नक्की कशामुळे हलला?

इथे बोस यांनी तीन गोष्टी केल्या. मला त्या फार आवडतात.

पहिली गोष्ट, ट्रान्समीटर, त्याची कॉइल आणि बॅटरी हे सगळं धातूच्या पेटीत बंद केलं. लहरींना बाहेर पडायला एकच नळी ठेवली. याला आज आपण शिल्डिंग म्हणतो.

दुसरी, ठिणग्यांचा सतत पाऊस पाडायचा नाही. एका वेळी एकच ठिणगी, एक मोजमाप, मग थांबायचं. पॉवर कमी लागते, गोळ्या खराब होत नाहीत आणि कुठल्या ठिणगीला कुठलं उत्तर आलं ते कळतं.

तिसरी, रिसीव्हरच्या तोंडाला फनेल लावलं, म्हणजे समोरून येईल तेवढंच आत जाईल. आज याला हॉर्न अँटेना म्हणतात.

बाकी सामान घरगुती होतं. लहरींची दिशा तपासायला पोलरायझर हवा होता, तर त्यांनी रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल घेतलं आणि पानापानांत धातूचा पातळ कागद घातला. झाला पोलरायझर! दुसऱ्या एका प्रयोगात तागाचे तंतू पिळून त्यांनी दाखवलं, की पिळलेली रचना लहरीची दिशा फिरवते.

## टाउन हॉलमधली घंटा

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमधला त्यांचा जाहीर प्रयोग खूप गाजला. एका ठिकाणी ट्रान्समीटर, सुमारे ७५ फुटांवर रिसीव्हर, मध्ये भिंती आणि वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर स्वतः. ठिणगी पडली आणि पलीकडे घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली, असं वर्णन केलं जातं.

इंजिनिअर म्हणून मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली रिलेची. रिसीव्हरमधून वाहणारा करंट अगदी नाजूक होता. त्याने दारू पेटत नाही. त्याने फक्त रिले ओढला आणि मग वेगळ्या बॅटरीच्या वेगळ्या सर्किटने जड काम केलं. नाजूक भाग आणि धोकादायक भाग एकमेकांपासून तोडलेले. आज मोटर किंवा बल्ब चालवताना आपण नेमकं हेच करतो.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. लहरी गव्हर्नरसाहेबांच्या शरीरातून आरपार गेल्या, असं लिहिलेलं सगळीकडे सापडेल. पण ६० गिगाहर्ट्झच्या लहरी कातडीतच शोषल्या जातात. ठिणगीतून लांब लहरीही निघतात, शिवाय भिंतींवरून परावर्तन होतं. म्हणजे सिग्नल शरीरातून गेला की बाजूने वळून गेला, हे घंटा सांगत नाही. घंटा फक्त एवढंच सांगते, की सिग्नल पोचला. सेन्सर जे सांगतो आणि आपण त्यातून जो अर्थ काढतो, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. बोस यांच्या पुढच्या आयुष्यात हाच प्रश्न परत परत येतो.

## सेन्सर थकतो

त्या काळचा रेडिओ सेन्सर म्हणजे कोहिरर. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असायचा. लहर आली की कीस एकमेकांना चिकटायचा आणि करंट वाहायला लागायचा. पण एकदा चिकटला की चिकटला. पुढच्या सिग्नलसाठी नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा लागायचा.

बोस यांना हा भोंगळ कारभार पटला नाही. किसाऐवजी त्यांनी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा एका खाचेत रांगेने मांडल्या. स्क्रूने त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त करता यायचा आणि बॅटरीचं व्होल्टेजही बदलता यायचं. म्हणजे सेन्सरला कॅलिब्रेशन आलं. १८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीसमोर आपोआप पूर्वस्थितीला येणारा कोहिरर मांडला. त्याच्या एका प्रकारात लोखंड, तेलाचा पातळ थर आणि पारा होता. टिचकी मारायची गरजच नाही. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला सिग्नल पकडला, तेव्हा त्यांच्याकडेही पाऱ्याचाच कोहिरर आणि टेलिफोनचा रिसीव्हर होता. तो बोस यांच्याच रचनेवरून आला, असं काही संशोधकांनी पुढे मांडलं आहे.

दरम्यान १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एससी. दिली. २९ जानेवारी १८९७ ला त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपलं यंत्र दाखवलं.

आणि मग गोष्टीला वळण मिळालं. काम करताना त्यांना दिसलं, की कोहिरर सतत वापरला की मंदावतो. सिग्नल तोच, उत्तर मात्र कमी-कमी. थोडी विश्रांती दिली की परत ताजातवाना. आपल्यापैकी बहुतेकांनी सेन्सर बदलला असता. बोस यांनी या थकव्याचाच आलेख काढला. तो त्यांना स्नायूच्या थकव्याच्या आलेखासारखा दिसला. निर्जीव धातू थकतो, सजीव स्नायू थकतो, मग मधल्या झाडांचं काय? इथून ते वनस्पतींकडे वळले.

रेडिओवाल्यांच्या दृष्टीने हे मोठं नुकसान होतं. जग वायरलेसच्या मागे धावायला लागलं, त्याच वेळी बोस त्या शर्यतीतून बाहेर पडले.

## नको असलेलं पेटंट

१९०१ मध्ये लंडनला असताना वायरलेसच्या धंद्यातल्या एका बड्या माणसाने पेटंट घ्या, नफा वाटून घेऊ, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला. बोस यांनी तो नाकारला. आपला मित्र रवींद्रनाथ टागोर यांना त्यांनी पत्रातून हे कळवलं. पैशाच्या या हावेत एकदा अडकलो तर सुटका नाही, असं त्यांना वाटत होतं.

तरीही त्यांच्या नावावर एक अमेरिकन पेटंट आहे. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी पाठपुरावा केला म्हणून. अर्ज ३० सप्टेंबर १९०१ चा, मंजुरी २९ मार्च १९०४ ची, क्रमांक ७५५,८४०. त्यात गॅलेना, म्हणजे शिशाचं एक चकचकीत खनिज, वापरून केलेला डिटेक्टर आहे. सेमीकंडक्टर हा शब्दही रुळला नव्हता त्या काळात त्यांनी स्फटिकावर धातूचं टोक टेकवून रेडिओ लहरी पकडल्या. पुढे लाखो लोकांनी अशाच स्फटिकांचे घरगुती रेडिओ बनवले. बोस यांनी या पेटंटमधून कमाई केली नाही.

ओपन सोर्सवाल्या आपल्या पिढीला हे ऐकायला भारी वाटतं. पण याची किंमतही त्यांनी मोजली. नाव मागे पडलं. त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना आयईईईने माइलस्टोन म्हणून मान दिला तो २०१२ मध्ये.

## झाड काय सांगतं?

वनस्पतींची हालचाल इतकी सूक्ष्म असते, की मोजायचं यंत्र जरा जड झालं तरी मोजमाप बिघडतं. लाजाळूचं पान काजळी धरलेल्या काचेवर सुई ओढणार, तर सुईचं घर्षणच पानाला अडवणार. बोस यांनी सुईला थरथरायला लावलं. ती काचेला सतत घासत नाही, ठरावीक वेळाने फक्त टेकते आणि एक ठिपका उमटतो. घर्षण गेलं आणि प्रत्येक ठिपका वेळेची खूणही झाला. आजच्या भाषेत हे सॅम्पलिंग, तेही टाइमस्टॅम्पसकट! पुढे त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला. झाडाची वाढ तो तरफांच्या मदतीने दहा हजार पट मोठी करून दाखवायचा.

यंत्रं अप्रतिम होती, पण अर्थावरून भांडण झालं. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीत सर जॉन बर्डन-सँडरसन यांच्यासारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना विरोध केला. फिजिक्सवाल्याने आपल्या प्रांतात येऊ नये, हा सूर त्यात होता. पेपर छापायचा राहिला. बोस यांनी मग पुस्तकांतून काम मांडलं. १९०२ मध्ये सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादावरचं त्यांचं पुस्तक आलं. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, म्हणजे यंत्रांवरचा विश्वास बसला.

आज आपण काय म्हणू? वनस्पतींमध्ये विजेचे सिग्नल धावतात, हे पक्कं आहे आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे. पण झाडाला आपल्यासारखं दुःख होतं, हे त्या आलेखांतून सिद्ध होत नाही. धातू, झाड आणि प्राणी यांचे आलेख सारखे दिसतात म्हणून आतलं कारणही सारखंच, ही उडी बोस यांनी जरा लांब मारली, असं माझं मत आहे. जो माणूस सेन्सरवर इतका संशय घ्यायचा, त्याने निष्कर्षावरही तेवढाच घ्यायला हवा होता. तरीही त्यांचे आलेख आपण आज तपासू शकतो, कारण त्यांनी यंत्र आणि पद्धत कधी लपवली नाही.

३० नोव्हेंबर १९१७ ला, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. इथले शोध सगळ्यांचे असतील, पेटंट घेतलं जाणार नाही, असं धोरण त्यांनी जाहीर केलं. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. ७९ वा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

## आता तुमचा पहिला नोड

बोस यांच्या सवयी आजच्या बोर्डांना जशाच्या तशा लागू पडतात. पहिला प्रोजेक्ट करताना एवढं पाळा:

१. आधी लहान काम. एक बोर्ड, एक सेन्सर, एक एलईडी. २३० व्होल्टच्या लाइनला पहिल्या प्रोजेक्टमध्ये हात लावायचाच नाही. पुढे लागलंच, तर बंद पेटीतलं तयार रिले मॉड्यूल घ्या आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

२. व्होल्टेज वाचा, मग जोडा. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा सेन्सर थेट लावला तर बोर्ड जळू शकतो.

३. बॅटरीला मान द्या. सुरुवात यूएसबीवर किंवा साध्या एए सेलवर करा. लिथियम सेल घ्यायचाच असेल तर प्रोटेक्शन असलेला घ्या, ४.२ व्होल्टवर थांबणारा चार्जर वापरा. फुगलेला किंवा पंक्चर झालेला सेल परत वापरू नका. उशीखाली, गादीवर चार्जिंग नको.

४. अँटेना आधी, पॉवर नंतर. लोराचा मॉड्यूल अँटेनाशिवाय ट्रान्समिट करायला लावला तर त्याचा पॉवरचा भाग खराब होऊ शकतो.

५. फ्रीक्वेन्सी तपासा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या पॉवरच्या मर्यादेत लायसन्सशिवाय वापरता येतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल इथल्यासाठी नाहीत.

६. एक ठिणगी, मग विश्रांती. सतत डेटा पाठवू नका. नोडला झोपवा, दहा मिनिटांनी उठवा, एक रीडिंग पाठवा. बॅटरी टिकते आणि हवेत गर्दी होत नाही.

७. सेन्सरचा थकवा मोजा. जमिनीचा ओलावा मोजणारे दोन दांड्यांचे स्वस्त सेन्सर सतत करंट दिल्यावर गंजतात आणि माती तीच असली तरी रीडिंग बदलत जातं. रीडिंगपुरताच करंट द्या. शिवाय आठवड्यातून एकदा कोरडी माती आणि पाणी, दोन्हीत बुडवून आकडे वहीत लिहा.

सातवा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. डॅशबोर्डवर आलेख खाली जाताना दिसला की लगेच कुंडीत पाणी ओततात. त्याआधी वही उघडा. कोरड्या मातीतला मागच्या आठवड्याचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवा. तो आकडाच सरकला असेल, तर तहान कुंडीला लागलेली नाही, तुमचा सेन्सर दमलाय.